पोरगा भरती झाला. त्याचे नियम कोण वाचणार?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले, कर्जावर झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय वेगळा आहे. पोलीस शिपाई म्हणून भरती झालेल्या पोरांना प्रशिक्षणाच्या काळात कोणते नियम लागू होतात, ते मला सांगायचे आहे. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हे कशाला, असे काहींना वाटले असेल. त्यांनी एक दिवस पहाटे पाच वाजता आपापल्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहावे. अंधारात धापा टाकत पळणारी पोरे दिसतील. ती कोणाची आहेत? कारखानदाराची नाहीत, डॉक्टरची नाहीत. पाच एकर कोरडवाहूत दोन भावांचे भागत नाही, म्हणून एकाने वखर धरायचा आणि दुसऱ्याने पळायचे, असा हिशेब ज्या घरांत झाला त्या घरांतली ती पोरे आहेत. आता पोरीही पळतात, त्यांना तीस टक्के जागा आहेत.

भरतीचे नियम या पोरांना तोंडपाठ असतात. पोराला उंची १६५ सेंटिमीटर पाहिजे. छाती न फुगवता ७९, फुगवून पाच जास्त. पोरांना १६०० मीटर धावणे, पोरींना ८००. गोळा सव्वासात किलोचा. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. एवढे सगळे पाठ आणि निवड झाली की गावात मिरवणूक, पेढे, फटाके. पुढे नेमणुकीचा कागद हातात पडतो. तो कागद काय म्हणतो, हे कोणी वाचत नाही. पोरगा वाचत नाही, बाप वाचत नाही आणि अॅकॅडमीवालाही सांगत नाही. त्याचे काम झालेले असते.

आपण अर्धा एकर जमीन घेतली तरी सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, बोजा आहे का ते तलाठ्याला विचारतो. मग पोरगा सरकारच्या ताब्यात देताना कागद न वाचता कसा देतो?

त्या कागदातला पहिला शब्द 'परिविक्षाधीन'. म्हणजे नोकरी लागली, पण पक्की झाली नाही. अकोला, जालना, नागपूर, बाभळगाव, जिथे कुठे पोरगा जाईल तिथले प्रशिक्षण पुरे करायचे, शेवटची परीक्षा पास व्हायची, वागणूक ठीक ठेवायची आणि मग ती पक्की होणार. आपल्याकडे काय होते? पोरगा ट्रेनिंगला गेला की महिन्याभरात त्याचे लग्न ठरते. त्याच्या पगाराकडे बोट दाखवून बाप बँकेतून किंवा सावकाराकडून कर्ज उचलतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचे मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे. पण त्यातून मेसचे कापले जाते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी अंशदायी पेन्शन योजना आली, तिची कपात होते. आणि मुख्य म्हणजे हे पीक अजून शेतात उभे आहे, घरात आलेले नाही. उभ्या पिकावर कर्ज काढल्याने काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

परिविक्षेतल्या माणसाला काढायचे दोन मार्ग आहेत. एक साधा: 'तुमचे काम समाधानकारक नाही, तुम्हाला सेवामुक्त करण्यात येत आहे.' यात ठपका नसतो. दुसरा शिक्षेचा: तू अमुक गैरवर्तन केलेस, म्हणून तुला काढतो. दुसऱ्या मार्गाने जायचे तर सरकारवर बंधन आहे. घटनेच्या कलम ३११ प्रमाणे आरोप लेखी सांगावा लागतो, चौकशी करावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नेमले त्याच्या खालच्या दर्जाचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांच्या खटल्यात सांगितले की परिविक्षेतला माणूस असला तरी शिक्षा म्हणून काढले तर हे संरक्षण त्याला मिळते.

आता साहेब लोक हुशार असतात. काढायचे असते गैरवर्तनासाठी आणि कागदावर लिहायचे असते साधे सेवामुक्त. मग काय करायचे? त्याचेही उत्तर न्यायालयाने दिले आहे. १९८१ सालची गोष्ट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत एका पावसाळी सकाळी प्रशिक्षणार्थी कवायतीला उशिरा पोचले. खुलासे सगळ्यांकडून मागवले. पण अनूप जयस्वाल या एकालाच म्होरक्या ठरवून नोकरीतून काढले. आदेश अगदी साधा, ठपक्याचा एक शब्द नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ साली न्यायालयाने सांगितले की आदेशाचे वरचे आवरण पाहून आम्ही थांबणार नाही. आवरण उचलून आत पाहिले तर ही गैरवर्तनाची शिक्षा आहे आणि चौकशी तर केलेलीच नाही. आदेश रद्द झाला, त्याला परत कामावर घेतले. तो अधिकारी वर्गाचा प्रशिक्षणार्थी होता हे खरे. पण न्यायालयाने लावलेला न्याय शिपायालाही लागतो.

यातून घ्यायचे ते एवढेच. पोराला काढले असा निरोप आला की कपाळावर हात मारून बसू नका आणि कोणा दलालाकडे पैसेही घेऊन जाऊ नका. आदेशाची प्रत घ्या. काढण्याच्या आधी काय घडले, कोणता खुलासा मागितला होता, ते तारीखवार लिहून काढा. वरच्याकडे अपील करायचे असते, ते मुदतीत करा. त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, ज्याला लोक 'मॅट' म्हणतात. त्याचे खंडपीठ नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे जायला अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाची मुदत असते. 'पाहू पुढच्या हंगामात' म्हणाल तर दार बंद झालेले असेल.

दुसरी गोष्ट तर खास आपल्या लोकांसाठी आहे. निवड झाल्यावर पोराकडून 'साक्षांकन नमुना' भरून घेतात. त्यात विचारलेले असते: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? अटक झाली होती काय? खटला चालू आहे काय? आता तुमच्यापैकी कोणावर रास्ता रोकोची केस नाही? जमावबंदी मोडली म्हणून १३५ कलम लागले नाही असा कार्यकर्ता मला दाखवा. बापाबरोबर पोरगाही रस्त्यावर बसलेला असतो, त्याचेही नाव त्या यादीत गेलेले असते. मग फॉर्म भरताना कोणीतरी शहाणा सांगतो, 'लिहू नकोस, ती केस तर सरकारने मागे घेतली.' पोरगा 'नाही' लिहितो. सहा महिन्यांनी चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यातून जातो, त्यात 'होय' असते. आणि चालू ट्रेनिंगमधून पोरगा घरी येतो. रस्त्यावर बसल्यासाठी तो घरी आलेला नसतो. खोटे लिहिल्यासाठी आलेला असतो.

यावर २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सविस्तर निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा. विचारलेली माहिती खरी द्यायचीच, लपवायची नाही. गुन्हा गंभीर असेल तर नोकरी देणाऱ्याला ती नाकारता येते. पण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब असेल, तर ती लपवल्याकडेही दुर्लक्ष करण्याची मोकळीक नोकरी देणाऱ्याला आहे. खरे सांगितलेल्याचाही त्याने डोळसपणे विचार करायचा आहे. न्यायालयाच्या तोंडी घोषणाबाजीचे उदाहरण यावे, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आंदोलनातली केस सांगितली म्हणून नोकरी जाईलच असे नाही. लपवली तर जाण्याचा धोका मोठा. म्हणून केस चालू असो, सुटलेली असो, मागे घेतलेली असो, फॉर्ममध्ये विचारले असेल तर लिहा. निकालाची प्रत जोडा. पोराचे नाव कोणत्या यादीत आहे ते ठाण्यात आणि कोर्टात आधीच जाऊन पाहा.

तिसरी गोष्ट प्रशिक्षण केंद्रातल्या रोजच्या जाचाची. आपला मूळ कायदा १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचे कलम २८ म्हणते की पोलीस हा सदैव कामावर आहे असे समजले जाईल आणि राज्यात कुठेही त्याला पाठवता येईल. आपल्या सालदारालाही पोळ्याला सुट्टी असते, इथे चोवीस तास आणि बाराही महिने. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार ठाण्यात व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. तेव्हा पोराने पहिल्या आठवड्यात फोन करून 'झोप मिळत नाही' म्हटले तर घाबरू नका. शिस्त कडक असणारच.

पण कडक शिस्त वेगळी आणि मनमानी वेगळी. शिक्षा काय करता येते ते कलम २५ मध्ये आणि १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांत लिहिलेले आहे. ताकीद, ठपका, जादा कवायत, एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड, वेतनवाढ रोखणे, आणि मोठ्या शिक्षा म्हणजे दर्जा उतरवणे, काढून टाकणे, बडतर्फी. जादा कवायत त्यात आहे. थोबाडीत मारणे त्यात नाही. आईबापावरून शिव्या त्यात नाहीत. साहेबाच्या घरची भाजी आणणे, कुत्र्याला फिरवणे, हे तर कर्तव्यातच नाही. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांच्या या हालांना हात घातला होता. मोठी शिक्षा द्यायची तर तिची कारणे लेखी द्यावी लागतात आणि कलम २७ प्रमाणे तिच्यावर अपील करता येते. पोराला एकच सवय लावा. जे घडेल ते तारीख घालून वहीत लिहायचे आणि अर्ज केला की पोच घ्यायची.

चौथी गोष्ट, नोकरी सोडण्याची. काही पोरांना सहन होत नाही आणि ती रात्रीतून पिशवी उचलून गावाला येतात. बापाला वाटते, नसेल करायची तर नको, शेत आहेच. असे चालत नाही. कलम २९ प्रमाणे शिपायाला लेखी परवानगीशिवाय राजीनामा देता येत नाही की काम सोडता येत नाही. सरकारचे काही देणे असेल तर ते आधी चुकवावे लागते. न सांगता निघून आला तर तो गैरहजर ठरतो, चौकशी लागते आणि त्या कागदाचा डाग पुढच्या नोकरीतही आडवा येतो. आजारी असेल तर सरकारी डॉक्टरचा दाखला घ्या. सोडायचीच असेल तर रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन सोडा. आणि मायबहिणींनो, पोरगा असा परत आला तर त्याला गावासमोर हिणवू नका. तो का आला ते आधी विचारा.

पाचवी आणि शेवटची. तुम्ही आम्ही संघटना केली. पोलिसाला ती करता येत नाही. घटनेच्या कलम ३३ चा आधार घेऊन १९६६ साली संसदेने कायदा केला. परवानगीशिवाय पोलिसाने कामगार संघटनेत किंवा राजकीय संघटनेत जायचे नाही, राजकीय सभेत किंवा निदर्शनात भाग घ्यायचा नाही, वर्तमानपत्राकडे जायचे नाही. मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात शिपायांची संघटना एकेकाळी होती. ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरणी कामगारांचा संप चालू असतानाच, सरकारने तिची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडले. मुंबईत शिपाई रस्त्यावर आले आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. तेव्हापासून शिपायाचे दुःख मांडायला त्याची स्वतःची संघटना उरली नाही.

म्हणजे तुमचा पोरगा या मांडवात आपल्याबरोबर येऊन बसू शकत नाही. उद्या रास्ता रोकोत तो समोरच्या बाजूला काठी घेऊन उभा असेल. त्याचा राग धरू नका, तो नियमाने बांधलेला आहे. पण भावांनो, तो बांधलेला आहे, तुम्ही नाही. बापाने अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही. केंद्रात पाणी नाही, आजारी पोरांना दवाखान्यात नेत नाहीत, मारहाण होते, हे पालक म्हणून तुम्ही प्राचार्यांना लिहू शकता, पोलीस महासंचालकांना लिहू शकता, राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाऊ शकता, आमदाराला सभागृहात प्रश्न विचारायला लावू शकता. एक मर्यादा मात्र पाळा. 'काम बंद करा, हुकूम पाळू नका' असे पोलिसाला सांगायचे नाही. इंग्रजांनी १९२२ साली कायदा करून अशी चिथावणी हा गुन्हा ठरवला होता. हाल मांडणे वेगळे, चिथावणे वेगळे.

तेव्हा प्रत्येक गावशाखेने एवढे करावे. गावातल्या भरती झालेल्या पोरापोरींची यादी करा. प्रशिक्षणाला जाण्याआधी त्यांना आणि त्यांच्या आईबापांना एक संध्याकाळ बसवा. नेमणुकीचा कागद मोठ्याने वाचा. साक्षांकन नमुना भरताना जुन्या केसेस माहीत असलेला एक कार्यकर्ता शेजारी बसवा. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घरी ठेवा. आणि नोकरी पक्की झाल्याचा आदेश हातात पडेपर्यंत त्या पगारावर कर्ज काढू नका, लग्नाची घाई करू नका.

एवढे बोलून मी थांबतो.