गोल जिना: प्लॅन कुणाच्या पायाच्या मापाचा?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या दोन भागांत आपण नोकऱ्या, स्विच, नोटीस पिरियड वगैरे बोललो. आज विषय एकदम वेगळा आहे. आज बोलायचंय जिन्याबद्दल. हसू नका, खरंच जिन्याबद्दल. गेले तीन महिने ऑफिसचा लॅपटॉप बंद केला की मी दुसरं काही करूनच नाही राहिलो.

आधी घराचं सांगतो. नागपुरात मानेवाडा रोडच्या बाजूला आमचं घर आहे. तीस बाय पन्नासचा प्लॉट, खाली तीन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. बाबांनी घर बांधलं तेव्हा पैसे स्लॅबपर्यंत पुरले, जिन्याला उरले नाहीत. मग ‘सध्या’ म्हणून लोखंडी शिडी लावली. ते ‘सध्या’ माझ्या दहावी, बारावी, बीटेक आणि पहिल्या नोकरीपर्यंत चाललं. त्या शिडीवरून आईनं किती कुरड्या, किती सांडगे, किती मुगवड्या वर नेल्या असतील, हिशेब नाही. भिवापुरी मिरची वाळवायची तीही गच्चीवरच.

यंदा उन्हाळ्यात ती शिडीवरून घसरली. तिसऱ्याच पायरीवरून, त्यामुळे निभावलं. उजव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. मी वर्क फ्रॉम होम, समोरच्या खोलीत हेडफोन लावून कॉलवर होतो. मला आवाज आलाच नाही. यावर जास्त बोलत नाही, पण जिना आता बांधायचाच, हे त्या दिवशी ठरलं.

आता इंजिनियर माणूस जे करतो तेच मी केलं. रात्री बसून नेटवरून प्लॅन उतरवले. सरळ जिन्याला जागा खूप लागते, गोल जिना पाच बाय पाच फुटांत बसतो, आणि दिसायला भारी. एक अमेरिकन पीडीएफ तर मला फारच आवडली. बारा पायऱ्या, प्रत्येक पायरी ३० अंशांची, म्हणजे बारा गुणिले तीस, ३६०. बरोब्बर एक चक्कर. जिथून चढायला सुरुवात केली, त्याच बाजूला वर निघणार. मला वाटलं, याला म्हणतात डिझाइन. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा कोड उचलून चिकटवावा, तसा मी तो प्लॅन उचलला.

मग आमच्या घराची उंची त्यात घातली. खालच्या फरशीपासून गच्चीच्या फरशीपर्यंत टेप लावला तर ३०६० मिलिमीटर. बारा पायऱ्या आणि शेवटचं पाऊल गच्चीवर, म्हणजे तेरा चढ. ३०६० भागिले तेरा, २३५ मिलिमीटर. सव्वानऊ इंच! एकेक पायरी सव्वानऊ इंचाची. अमेरिकेच्या घरगुती नियमात गोल जिन्याला साडेनऊ इंचांपर्यंत चढ चालतो, म्हणून तो प्लॅन तिकडे कायदेशीर आहे. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड राहत्या घराच्या नेहमीच्या जिन्याला १९० मिलिमीटरच्या वर चढ नको म्हणतो, आणि पाऊल ठेवायला किमान २५० मिलिमीटर जागा हवी म्हणतो. म्हणजे ती जी सुंदर एक चक्कर होती, ती उंच पायऱ्यांच्या जोरावर जमवलेली होती. ते मला आधी दिसलंच नाही, कारण मी अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि मला सव्वानऊ इंच लागत नाहीत. साठीतल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला लागतात.

दुसरा प्लॅन फॅब्रिकेटरचा. त्याच्याकडे कागद नव्हता, सगळं तोंडपाठ होतं. “भाऊ, पाच फुटाचा गोल, मधी चार इंची पाइप, वरून चेकर प्लेट. चार दिवसांत उभा करून देतो.” माणूस कामाचा पक्का आहे, वेल्डिंग बघून कळतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, लोखंडी काम किलोच्या भावानं होतं. गोल लहान, पायऱ्या कमी, तर वजन कमी आणि कोटेशनही कमी. आपण तीन ठिकाणची कोटेशनं समोर ठेवतो आणि सगळ्यात कमी आकडा निवडतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण सगळ्यात अवघड जिना निवडलेला असतो.

पाच फूट म्हणजे किती ते बघा. पाच फूट हा बाहेरचा व्यास, १५०० मिलिमीटर. अर्धा केला की ७५०. त्यातून मधल्या पाइपाचे ५० गेले, बाहेरच्या कठड्याचे साधारण ५० गेले. उरले ६५०. सव्वादोन फुटांपेक्षाही कमी, आणि तेही सगळं कामाचं नाही, कारण पाइपाजवळ पायरी निमुळती होत जाते. तिथं पाऊल मावत नाही. माणूस चालतो ते पाइपापासून बाहेरच्या दोन तृतीयांशावर. आपल्या कोडमध्ये आगीच्या वेळी बाहेर पडायच्या गोल जिन्याचा व्यास १.५ मीटरपेक्षा कमी नको असं आहे, आणि असा जिना ९ मीटर उंचीपर्यंतच्या, कमी माणसांच्या इमारतीलाच चालतो. म्हणजे पाच फूट ही तळाची मर्यादा आहे, आणि आपण तिलाच स्टँडर्ड साइज म्हणून राहिलो.

इथं एक आडवी गोष्ट सांगतो. दक्षिण मुंबईत जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला गेलात, तर काही ठिकाणी लोखंडी गोल जिने दिसतात. गंजलेले, अरुंद. पुढच्या बाजूला रुंद लाकडी जिना, कोरलेला कठडा, सगळं झकास. मागचा गोल जिना नोकरांसाठी आणि संडास साफ करायला येणाऱ्या माणसांसाठी. त्यांनी पुढून यायचं नाही, म्हणून तो केला. रोज हातात जड ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाला सगळ्यात अरुंद, सगळ्यात अवघड जिना दिला. तो जिना ज्यानं काढला त्याला तो कधीच चढायचा नव्हता. हे कळल्यावर मला माझी पीडीएफ जरा वेगळीच दिसायला लागली. कारण आमच्या घरी गच्चीवर दिवसातून चार वेळा कोण जातं? आई. आणि प्लॅन कोण निवडून राहिला होता? मी, एसीत बसून.

मग मी टेस्टिंग केलं. मागच्या अंगणात एक खिळा ठोकला, सुतळी बांधली, खडूनं गोल काढला. पाच फुटांचा एक, सहा फुटांचा एक. दोन्हीत पायऱ्यांच्या फाका आखल्या, पिझ्झासारख्या. शेजारी विटा रचून दोन खऱ्या पायऱ्या केल्या, एक नऊ इंची, एक सात इंची. मधोमध पाइप म्हणून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घेऊन मी उभा. आणि आईला म्हटलं, “चाल.” प्लास्टर नुकतंच निघालं होतं. कडेवर रिकामी परात घेऊन ती चालली.

पाच फुटांच्या गोलात दुसऱ्याच पायरीला परात माझ्या दांड्यावर आदळली. “अरे, मी काय सर्कशीत आहो काय?” मग नऊ इंची विटेवर तिनं पाय ठेवला आणि वर चढायच्या आधी हात आपोआप गुडघ्यावर गेला. ती काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. सात इंची विटेवर मात्र ती न थांबता चढली.

सहा फुटांच्या गोलात ती आरामात फिरली, पण तिथंही एक गोष्ट निघाली जी कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेली नव्हती. आई ओझं नेहमी डाव्या कडेवर घेते, उजवा हात मोकळा. पडायची भीती चढताना नसते, उतरताना असते. म्हणजे उतरताना बाहेरचा कठडा तिच्या उजव्या हाताला यायला हवा. म्हणजे उतरताना जिना डावीकडे वळायला हवा, आणि चढताना उजवीकडे. फॅब्रिकेटरच्या डोक्यातला जिना उलटा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “कसाही फिरवा भाऊ, पैसे तेवढेच.” म्हणजे फुकटात मिळणारी गोष्ट, फक्त कुणी विचारत नाही. (किल्ल्यातले जिने तलवारबाजीसाठी एका बाजूला वळवलेले असायचे, अशी एक युरोपातली गोष्ट यूट्यूबवर फिरते. त्यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण आमच्या घरी परातीसाठी वळवलाय हे नक्की.)

आता आकडे सांगतो, ज्यांना करायचंय त्यांनी लिहून घ्या. चढ १८० ठेवला, म्हणजे ३०६० ला बरोबर सतरा चढ आणि सोळा पायऱ्या. पहिल्यांदा मी पायरी ३० अंशांचीच ठेवली. मग डोक्याचा प्रश्न आला. गोल जिन्यात आपल्या डोक्यावर छत नसतं, एक चक्कर वरची पायरीच असते. ३० अंशांच्या बारा पायऱ्यांत चक्कर पूर्ण होते, बारा गुणिले १८० म्हणजे २१६०, त्यातून पायरीची जाडी ५० काढा, राहिले २११० मिलिमीटर. चालून जाईल, पण डोक्यावर टोपलं घेतलेल्या माणसाला नाही चालणार. पायरी २७ अंशांची केली तर चक्कर पूर्ण व्हायला तेरापेक्षा थोड्या जास्त पायऱ्या लागतात. तेरा गुणिले १८०, २३४०, वजा ५०, २२९०. डोकं सुटलं. पण अंश कमी केले की पाऊल ठेवायची जागाही कमी होते, आणि इथंच सहा फुटांचा गोल कामाला आला. मधल्या बिंदूपासून ६०० मिलिमीटरवर, जिथं पाऊल पडतं तिथं, २७ अंशांत २८० च्या थोडी वर जागा मिळते. पाच फुटांच्या गोलात तीच जागा २३५ च्या आसपास राहिली असती. एक आकडा हलवला की तीन आकडे हलतात. म्हणून म्हणतो, दुसऱ्याच्या घराचा प्लॅन स्केल करून वापरता येत नाही.

आणि सोळा गुणिले २७ म्हणजे ४३२ अंश, म्हणजे एक चक्कर आणि वर ७२ अंश. माझी ती गोड एक चक्कर गेली. गच्चीवर कुठं निघायचं ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत खाली या. मी पहिल्यांदा खालून मोजलं होतं, तेव्हा कागदावर आई पाण्याच्या टाकीत निघत होती.

जागेचं म्हणाल तर बाजूच्या मार्जिनमध्ये सहा फूट बसत नव्हते, आणि मार्जिनमध्ये असं काही उभं करण्याआधी आर्किटेक्टला विचारा, नाहीतर पुढं त्रास होतो. आमचं घर मागून एल आकाराचं आहे, त्या कोपऱ्यात कूलरचा स्टँड आणि धुण्याचा दगड होता. कूलर सरकवला. दगडावरून घरात दोन दिवस वाद झाला, शेवटी दगडही सरकला. पायव्याचं काँक्रीट आणि बेस प्लेटचे बोल्ट मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवूनच ठरवले. मी कॉम्प्युटरवाला, लोखंडातलं मला कळतं असा माझा दावा नाही.

चेकर प्लेट मी रद्द केली. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत उघड्या लोखंडावर अनवाणी पाय ठेवून बघा एकदा. आई वाळवणाच्या वेळी चप्पल घालत नाही, आणि घालणारही नाही. म्हणून पायरी ट्रेसारखी केली, आत काँक्रीट आणि वरून फिकट रंगाची खरबरीत फरशी. तापते, पण चटका नाही बसत, आणि ढणढण आवाजही नाही. कठड्याच्या गजांमधलं अंतर चार इंचांच्या आत. ओझ्यासाठी गच्चीच्या कठड्याला एक कप्पी बसवून घेतली. बादली, गादी, मिरचीचं पोतं दोरीनं वर जाणार. खरं सांगू, अख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे.

आता शेवटचं. हे सगळं ठरल्यावर मी ड्रॉइंगचा प्रिंट बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “गोल जिना म्हणजे वर काही बांधायचं नाही, असंच ना?”

मला उत्तर देता नाही आलं. कारण त्यांचं बरोबर होतं. वर राहती खोली असेल आणि जायला एवढाच जिना असेल, तर तो गोल असू नये. पलंग चढत नाही, कपाट चढत नाही, आणि आजारी माणसाला स्ट्रेचरवर खाली आणता येत नाही. गोल जिना गच्चीसाठी ठीक आहे, संसारासाठी नाही. आमच्या गच्चीवर चारही कोपऱ्यांत कॉलमच्या सळ्या बाहेर काढून ठेवल्यात, तुम्ही बघितल्या असतील अशा, प्रत्येक गल्लीत दिसतात. बाबांनी त्या माझ्या मजल्यासाठी ठेवल्या होत्या. मी सरळ जिना न निवडून त्यांना काय सांगून राहिलो, ते मला स्वतःला तोपर्यंत कळलंच नव्हतं. कंपनी पुढच्या वर्षी पुण्याला बोलावेल की नाही, मला माहीत नाही. मी जाईन की नाही, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी मी फॅब्रिकेटरला फोन करून एवढंच म्हटलं की पाइप पायव्याला आणि स्लॅबला वेल्ड करू नका, बोल्टवर बसवा. पुढं काढायचा झाला तर अख्खा निघाला पाहिजे. तो म्हणाला, चार-सहा किलो वाढेल. म्हटलं, वाढू द्या.

परवा मधला पाइप उभा राहिला. पायऱ्या या आठवड्यात लागतील. रेड ऑक्साइडचा डबा अर्धा उरला होता. संध्याकाळी कॉल संपवून मागे आलो तर बाबा जुन्या शिडीनंच गच्चीवर गेले होते, आणि ब्रश घेऊन त्या सळ्या रंगवत होते. मी खाली शिडी धरून उभा राहिलो.

चला, आज इथंच थांबतो. तुमच्या घराची उंची आणि जागेचं माप पाठवा, ज्या शीटमध्ये मी हे सगळं मांडलं ती मी पाठवून देईन. भेटू पुढच्या भागात.