आमच्या स्वयंपाकघराचे दोन रंग

स्वयंपाकघरांतील कपाटांना कोणता रंग द्यावा, या विषयावर एका निवृत्त शिक्षकानें बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. ज्याला आमटींत मीठ आधीं पडतें कीं मागाहून, हेंहि धड ठाऊक नाहीं, त्यानें या प्रांतांत तोंड कां घालावें? माझा अधिकार एवढाच, कीं या बाबतींत मीं एक चूक केलेली आहे, आणि तिचा चटका माझ्या कुटुंबाच्या हाताला बसलेला आहे.

आमचें बिऱ्हाड पुण्यांत, एका जुन्या इमारतींत, दोन खोल्यांचें. स्वयंपाकघर सात फूट रुंद आणि आठ फूट लांब. खिडकी एकच, तीहि उत्तरेची, आणि तिच्यासमोर चार हातांवर शेजारच्या घराची भिंत. सकाळीं नऊ वाजल्याखेरीज दिवा मालवतां येत नाहीं आणि दुपारीं चारच्या सुमारास तो पुन्हां लावावा लागतो. मी नोकरींतून निवृत्त झालों त्या वर्षीं हातीं थोडी रक्कम आली, तेव्हां जुन्या फळ्या आणि मांडणी काढून ओट्याच्या खालीं व वर नवीं कपाटें करून घेण्याचें ठरलें. कुटुंबाचें म्हणणें पडलें, "अहो, खालचीं तरी पिंवळीं करूं या. बरें वाटतें डोळ्यांना."

मी जन्मभर फळ्यावर आकृति काढून शिकविलेला माणूस. मीं तिला प्रकाशाच्या परावर्तनाचा पाठच दिला. चांगला पांढरा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारें चार-पंचमांश भाग परत फेकतो. गडद पिंवळा निम्म्याच्या आसपास. अंधाऱ्या खोलींत एवढा प्रकाश वायां घालविणें आपणांस परवडावयाचें नाहीं. सबब कपाटें पांढरीं, भिंतीच्या फरशा पांढऱ्या आणि ओटाहि पांढरा. वर्गांतल्या मुलांप्रमाणें तीहि निरुत्तर झाली. पटलें, असें मात्र ती म्हणाली नाहीं. तें माझ्या तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

माझें गणित चुकलें नव्हतें. खोली खरोखरच उजळली. आल्यागेल्यानें तारीफ केली, आणि मी ती आपल्या पदरांत घेतली.

दोन वर्षांनीं एका सायंकाळीं तिनें दूध तापवून पातेलें शेगडीवरून उतरविलें आणि ओट्याच्या कडेवर ठेवलें. तें अर्धें आंत आणि अर्धें बाहेर. पातेलें कलंडलें. मनगटापासून कोपरापर्यंत डावा हात भाजून निघाला. मी धांवत गेलों, आणि सांगावयास लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो रागाचा. "अग, दिसत नाहीं का?" तिनें हात नळाखालीं धरला आणि म्हणाली, "नाहींच दिसत. ओटा कोठें संपतो आणि कपाट कोठें लागतें, तें वर्ष झालें मला नीट कळत नाहीं. हातानें चांचपून ठेवतें. आज चांचपावयास हात मोकळा नव्हता."

एक वर्ष! आणि मी रोज दोन वेळां तेथेंच पाटावर बसून जेवीत होतों.

नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं मोतीबिंदूची सुरुवात आहे, शस्त्रक्रियेस अवकाश आहे. त्यांनीं जें समजावून दिलें तें मला शिक्षक असून ठाऊक नव्हतें. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिंवळसर आणि गढूळ होत जातें. तें निळ्या प्रकाशाचा बराचसा भाग अडवितें, म्हणून पांढरी वस्तु पिंवळट दिसूं लागते. आणि गढूळपणामुळें दोन सारख्या रंगांमधील सीमारेषा पुसट होते. म्हणजे मीं खोलींत उजेड आणला होता, परंतु कड दाखविण्यास नुसता उजेड पुरत नाहीं. पांढऱ्या ओट्याखालीं पांढरें दार, मागें पांढरी फरशी. तिच्या डोळ्यांना तें सगळें एकच धुकें होतें.

मग पिंवळ्याची गोष्ट पुन्हां निघाली, आणि या खेपेस मीं तोंड मिटून ठेवलें. दुकानदारानें रंगांचीं पत्रकें दिलीं त्यांत लोण्यासारखा एक फिकट पिंवळा होता. मला तोच सभ्य वाटला. तिनें तसें कांहीं मानलें नाहीं. तिनें हातभर लांबीच्या चार फळ्या निरनिराळ्या पिंवळ्या रंगांत रंगवून घेतल्या आणि त्या आठ दिवस ओट्याखालीं टेकून ठेवल्या. सकाळीं, दुपारीं, दिव्याखालीं, दूर उभें राहून, चष्मा काढून, अशी तिची पाहणी चालली होती. निकाल असा लागला कीं लोण्याचा रंग पहिल्याच दिवशीं बाद. पांढरें पिंवळट दिसणाऱ्या डोळ्यांना फिकट पिंवळा आणि पांढरा हे सख्खे जुळे भाऊ. टिकला तो झेंडूच्या फुलाकडे झुकणारा गडद पिंवळा. निळ्या रंगानें कड याहूनहि ठळक झाली असती. परंतु आमच्यासारख्या कोंदट खोलींत निळा रंग संध्याकाळीं काळवंडतो, हें मीं सांगितलेलें तिनें मान्य केलें. तेवढेंच माझें यश.

या परीक्षेंत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. आमचा दिवा पिंवळसर प्रकाशाचा होता, आणि त्याच्या उजेडांत पिंवळें व पांढरें यांतील अंतर आपोआप कमी होतें. हल्लींच्या एलईडी दिव्यांच्या खोक्यावर प्रकाशाची छटा केल्विन या मापांत छापलेली असते. २७०० चा दिवा तांबूस-पिंवळा, ६५०० चा निळसर पांढरा. आम्ही ४००० चा लावला. कपाटें रंगविण्याच्या आधीं दिवा बदलून पाहावा, नंतर नव्हे.

मांडणी अशी केली. खालचीं दारें पिंवळीं. त्यामुळें वरून पाहतां पांढऱ्या ओट्याची कड त्यांवर रेघ ओढल्यासारखी उमटते. वरचीं कपाटें पांढरींच ठेविलीं, कारण गडद रंग डोक्याच्या उंचीवर आला कीं लहान खोली अंगावर येते, शिवाय दिव्याचा उजेड तीं ओट्यावर परत पाठवितात. आंतून मात्र सगळीं पांढरीं. झुरळ आणि सांडलेलें जिरें दोन्हीं तत्काळ दिसतात. पिंवळीं दारें खालीं असण्याचा एक फायदा मला मागाहून समजला. हळदीचे हात लागतात ते खालच्याच दारांना. पांढऱ्यावर तो डाग पडला कीं आपण घाईनें साबण लावतों, आणि डाग तांबडा होतो. हळदीचा कागद सोड्याच्या पाण्यांत बुडवून तांबडा करून दाखविण्याचा प्रयोग मीं तीस वर्षें वर्गांत केला, पण स्वतःच्या घरीं तो रोज चालला आहे हें मला दिसलें नव्हतें. या डागावर खरा उपाय ऊन. हळदीचा रंग उन्हांत उडतो. आमच्या स्वयंपाकघरांत ऊन येत नाहीं.

भिंतींत वडिलांच्या वेळचें एक फडताळ आहे, तेंहि याच रंगांत घ्यावें असें ठरलें. येथें एक सावधगिरी सांगतों. जुन्या तैलरंगांतील भडक पिंवळा पुष्कळदां शिशाच्या क्षारापासून केलेला असे, आणि सफेताहि शिशाचाच. आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये असा नियम लागू आहे. परंतु त्यापूर्वींच्या थरांना हा नियम कोण सांगणार? जुना रंग कोरडा खरवडूं नये. त्याची धूळ अन्नावर बसते. ओला करून घासावा, आणि त्या वेळीं नातवंडांना बाहेर धाडावें.

पिंवळ्या रंगाचे शौकीन फ्रान्समध्येंहि होऊन गेले. क्लोद मोने या चित्रकारानें जिव्हर्नी येथील आपलें जेवणघर, कपाटें-खुर्च्यांसकट, दोन छटांच्या पिंवळ्यांत रंगविलें होतें. त्यालाहि पुढें मोतीबिंदू झाला व १९२३ सालीं एका डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. पण त्याचें जेवणघर ऐसपैस. सात फुटांत सगळेंच पिंवळें केलें तर हळदीच्या डब्यांत बसल्यासारखें होईल.

गेल्या वर्षीं कुटुंबाच्या दोन्हीं डोळ्यांचें काम झालें. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं ती स्वयंपाकघराच्या दारांत आली आणि तेथेंच थबकली. पिंवळ्या दारांकडे पाहून म्हणाली, "अग बाई, इतका भडक! आणि तुम्ही बोललां नाहींत?" बोलण्याची सोय मला कोठें उरली होती, हें मी मनांतच म्हणालों. मग तिनें मान वर केली आणि वरच्या कपाटांकडे बराच वेळ पाहिलें. पांच वर्षांची फोडणीची वाफ आणि तेल तेथें बसलेलें. मीं ज्यांना पांढरीं पांढरीं म्हणत होतों तीं दारें, खरें पाहतां, लोण्याच्या रंगावर येऊन ठेपलीं होतीं. ती कांहीं बोलली नाहीं. मोरींतून फडकें आणि कोमट पाण्याचें तपेलें आणून तिनें माझ्या हातांत दिलें, आणि स्टूल पुढें सरकविलें.