दुरुस्तीचा हंगाम आणि बॅटरीची वीज
(भाषणाचा मजकूर)



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तो दिवस आपणांपैकी कोणीही विसरलेला नसेल. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि श्रीवर्धन, मुरूड या भागांतील कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. त्या अंधाराची चर्चा पुष्कळ झाली. परंतु वीज गेली म्हणजे केवळ दिवे विझत नाहीत, हातची कामेही थांबतात. त्याविषयी आज थोडे बोलावे, असा माझा हेतू आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. याच काळात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, कुजलेल्या फळ्या बदलतात, इंजिने उतरवतात, पंख्याचे दांडे लेथवर नीट करून घेतात. दुरुस्तीचा हंगाम आणि वीज जाण्याचा हंगाम असा एकच येतो. नारळी पौर्णिमेला होडी सज्ज नसेल, तर त्या घराची मिळकत बुडते.

मग लेथ, ड्रिल, करवत ही यंत्रे बॅटरीवर चालतील काय? चालतील, मात्र आधी हिशेब केला पाहिजे.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटरमधील व इन्व्हर्टरमधील घट धरली, तर एक अश्वशक्तीची लहान मोटर पूर्ण भारावर बॅटरीतून सुमारे १,२५० वॅट ओढते. बारा व्होल्टची एकच बॅटरी असेल, तर तारेतून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह जाईल. सांधे तापतील, तारा जळतील. चार बॅटऱ्या एकसरीने जोडून ४८ व्होल्ट केले, तर तेच काम सुमारे २६ अँपिअरमध्ये होते.

दीडशे अँपिअर-तासांच्या अशा चार बॅटऱ्यांत ७,२०० वॅट-तास वीज मावते. पण शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये. तसे केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. उरले ३,६००. शिवाय बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापराचा असतो; घाईने वीज ओढली, तर ती कमीच मिळते. तेव्हा पूर्ण भाराचे दोन-अडीच तास धरावेत. लेथवर काम लावणे, मोजणे, हत्यार बदलणे यांत बराच वेळ मोटर बंदच असते. म्हणून एवढ्या विजेत अर्ध्या दिवसाचे निकडीचे काम उरकू शकते.

खरी अडचण मोटर सुरू होतानाची. त्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह मागते. इन्व्हर्टर तेवढा धक्का सोसणारा नसेल, तर तो बंद पडतो. म्हणून यंत्र भाराशिवाय सुरू करावे. तीन फेजची मोटर असेल, तर वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह बसवावा. दिव्यांसाठी घेतलेला स्वस्त, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर मोटरला लावू नये. त्यावर मोटर घोंघावते व तापते. सुताराला तर स्वतःची बॅटरी असलेले हाती ड्रिल व करवत हेच सोयीचे.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही, ती केवळ साठविते. आषाढात सूर्य ढगांआड असतो. सौर पट्ट्यांवर सर्वस्वी विसंबता येत नाही. परंतु जो लहान जनरेटर लेथचा पहिला धक्का सोसू शकत नाही, तोच दिवसभर संथपणे बॅटऱ्या भारू शकतो, आणि तो धक्का मग बॅटरी सोसते. हीच या जोडीची उपयुक्तता.

आता जिवाशी निगडित अशा तीन गोष्टी. पहिली : इन्व्हर्टर किंवा जनरेटरची वीज उलट्या वाटेने बाहेरच्या तारांत गेली, तर रोहित्रातून तिचा दाब वाढतो, आणि तार मृत आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन प्राणाला मुकतो. म्हणून एका वेळी एकच जोडणी होऊ देणारा चेंजओव्हर स्विच बसविल्यावाचून कोणालाही परवानगी देऊ नये. दुसरी : भारताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ग्राइंडरच्या ठिणग्यांजवळ ती ठेवू नये, खोली हवेशीर असावी. तिसरी : गेलेली वीज परत येताच यंत्र आपोआप फिरू लागता कामा नये, तशी सोय असलेला स्टार्टरच वापरावा.

खाऱ्या हवेत बॅटरीची टोके लवकर गंजतात. ती पुसून त्यांना पेट्रोलियम जेली लावावी. पाणी ऊर्ध्वपातितच घालावे, विहिरीचे नव्हे. निकामी बॅटरी परसात फोडू नये. शिसे विषारी आहे. २०२२ च्या नियमांनुसार ती रीतसर परत द्यावी.

प्रत्येक कारागिराने हा खर्च करावा, असे मी म्हणत नाही. बंदराच्या गावी पंचायतीने किंवा मच्छीमार सहकारी संस्थेने असा एक संच ठेवावा, मे महिन्यात तो भारासह चालवून पाहावा, आणि शिक्षकांनी वरचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. वादळ आपल्या हाती नाही. पण ते येण्यापूर्वीचा मे महिना आपल्या हाती आहे.