वाचतो एक, सांगतो एक



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय कळवायला सांगितलं तेव्हा ‘सध्या लोक काय वाचतात आणि वाचलेल्याबद्दल त्यांना काय वाटतं’ असा साधा विषय मी कळवला. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात, ग्रंथनिवड समितीवर काम करताना जे दिसत आलं आहे, त्याच्या आधाराने मी बोलणार आहे.

कुणालाही चारचौघांत विचारा, ‘सध्या काय वाचताय?’ माणूस क्षणभर थांबतो आणि ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘श्यामची आई’ यांपैकी एक नाव घेतो. ही पुस्तकं मोठीच आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि ते आजही नव्याने विकलं जातं. 1959 सालच्या ‘ययाति’साठी खांडेकरांना 1974चं ज्ञानपीठ मिळालं. ‘मृत्युंजय’ 1967 सालचं, पण आमच्याकडे त्याची प्रत कपाटात चार दिवस सलग राहत नाही. तेव्हा उत्तर खोटं नसतं. पण ते बहुधा वीस वर्षांपूर्वीच्या वाचनाचं असतं. आज त्या माणसाच्या पिशवीत जे पुस्तक आहे, त्याचं नाव तो घेत नाही.

पिशवीत काय असतं, ते देवघेवीच्या नोंदींवरून कळतं. सांगतो.

सगळ्यात मोठी गर्दी अनुवादांना आहे. सुधा मूर्तींची लीना सोहोनींनी मराठीत आणलेली पुस्तकं, भैरप्पांच्या उमा कुलकर्णींनी केलेल्या कादंबऱ्या. कितीतरी वाचकांना भैरप्पा मराठीच वाटतात. शिवकाळावरच्या कादंबऱ्यांना आमच्याकडे कधीच ओहोटी नव्हती. पण फेब्रुवारी 2025मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांच्या 1979 सालच्या कादंबरीसाठी आमची प्रतीक्षायादी वहीचं पान भरून पुढे गेली. त्यात पहिल्यांदाच सभासद झालेली मुलं होती. काहींनी शंभर पानांत पुस्तक परत केलं, काहींनी पुरं केलं आणि ‘संभाजी महाराजांवर आणखी काय आहे?’ असं विचारत पुन्हा आली. 2013 साली ‘दुनियादारी’ चित्रपटाच्या वेळी सुहास शिरवळकरांच्या बाबतीत हेच पाहिलं होतं. चित्रपट बघून पुस्तकाकडे येणाऱ्याला नाक मुरडणारे लोक मला भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे: तो दारातून आत आला आहे, त्याला बसायला जागा द्या.

मग अभ्यासिकेतली मुलं. आज गावोगावच्या वाचनालयांत सकाळी सात वाजल्यापासून स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली येऊन बसतात. त्यांच्या टेबलावर चालू घडामोडी आणि प्रश्नसंच असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही मुलं अधूनमधून उठून कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाशी जातात, ते फारसं कुणी पाहत नाही. विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ ती वाचतातच. त्याशिवाय ‘झोंबी’ नेतात, ‘उपरा’ नेतात, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ नेतात. शिकलेला मुलगा घरच्या शेतीवर बसून काय भोगतो, हे ‘बारोमास’मध्ये वाचून एक मुलगा मला म्हणाला, “सर, हे आमच्या घरी आत्ता चालू आहे.” त्या कादंबरीवरच्या समीक्षेत असं एक वाक्य सापडलं असतं तर मला आनंद झाला असता.

नवं कोरं मराठी साहित्य कमी जातं, हे मान्य करू. पण जातच नाही, असं नाही. मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ 2019मध्ये आली. नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहायला जाणारा माणूस आणि घाटावरची, समाजाने कडेला टाकलेली माणसं. तिच्यामागे ना कुठला चित्रपट होता, ना पाठ्यपुस्तक. आमच्याकडे ती एका वाचकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत पसरली. मराठी वाचकाचं मत अजून किती लांब जाऊ शकतं, याचा इतका चांगला दाखला अलीकडचा मला दुसरा माहीत नाही.

हे सगळं चालू आहे, तरी ‘वाचनसंस्कृती लोप पावते आहे’ हे वाक्य दर सभेत ऐकू येतं. मला वाटतं, आपल्याकडे वाचन आटलेलं नाही. वाचलेल्याबद्दल मोकळेपणाने बोलणं आटलं आहे, आणि त्याचं कारण लाज हे आहे. आपण जे वाचतो ते चारचौघांत सांगण्याच्या लायकीचं नाही, असं वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या वाटायला लावलं गेलं.

बाबूराव अर्नाळकर घ्या. हजाराहून अधिक रहस्यकथा या एका माणसाने लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी लोक भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांपुढे ताटकळत उभे राहत. अक्षरओळख झालेला गिरणी कामगार, हॉटेलात काम करणारा पोऱ्या, दुपारी सवड काढणारी गृहिणी, या सगळ्यांना सलग शंभर पानं वाचायची सवय अर्नाळकरांनी लावली. पण त्यांच्या वाचकांना नेमकं काय आवडत होतं? कुठलं पुस्तक फसलं असं त्यांना वाटलं? याची नोंद आपल्याकडे जवळपास नाही. लाखो वाचकांचं मत कुणी विचारलंच नाही.

नारायण धारपांचं तेच झालं. भयकथा म्हणजे रात्री गुपचूप वाचायची आणि सकाळी कपाटाच्या मागच्या रांगेत ठेवायची गोष्ट. मग 2018 साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. त्यामागे धारपांच्या ‘आजी’ या कथेचीही प्रेरणा आहे, हे कळल्यावर लोक धारप शोधू लागले. आज त्यांच्या कादंबऱ्या नव्या वेष्टनात दुकानात दर्शनी भागात दिसतात. धारप गेले 2008 साली. त्यांच्या चाहत्यांनी तीस-चाळीस वर्षं मनात ठेवलेलं प्रेम वेळेवर बोलून दाखवलं असतं, तर ते त्या लेखकाच्या कानावर पडलं असतं. मला याची मनापासून हळहळ वाटते.

चंद्रकांत काकोडकरांची गोष्ट तर कोर्टात गेली. ‘रंभा’ मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात त्यांची ‘शामा’ ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. 1969मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. काकोडकरांचे वाचक त्या काळी घरोघर होते. पण ‘आम्ही हे वाचतो आणि यात आम्हाला अमुक सापडतं’ असं किती जण उघड म्हणाले असतील? ती कथा श्रेष्ठ होती, असं माझं म्हणणं नाही. वाचकाने तोंड उघडलं नाही की त्याच्या वतीने दुसरेच बोलतात, आणि त्यांना बहुधा बंदीची भाषा येते.

याच्या उलट, वाचक बोलले तेव्हा काय झालं तेही पाहू.

1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात सरळ लिहिलेलं होतं, तेही बाईने. एकच गहजब झाला. ही विभावरी कोण, बाई की बाईचं नाव घेतलेला पुरुष, यावर पैजा लागाव्यात इतकी चर्चा झाली. नाव टोपण होतं. लिहिणाऱ्या होत्या बळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. लोक चिडले, पण त्या चिडण्याने पुस्तक घराघरांत गेलं. ज्यांच्याबद्दल ते लिहिलं होतं त्या मुलींच्या हातीही ते पडलं. संतापलेल्या वाचकाचंसुद्धा साहित्यावर ऋण असतं, असं मी मानतो.

आणि 1990 सालचं ‘आहे मनोहर तरी’. ते वादळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. सुनीताबाई देशपांड्यांनी आपल्या संसाराबद्दल लिहिलं, आणि अख्ख्या महाराष्ट्राला आपल्याच घरातलं भांडण बाहेर आल्यासारखं वाटलं. पु.लं.च्या चाहत्यांना राग आला. कितीतरी बायकांनी ते पुस्तक एका बैठकीत संपवलं.

आमच्या वाचनालयातली त्याची एक प्रत मी मुद्दाम आज पुन्हा पाहून आलो. तिची बांधणी दोनदा केलेली आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारीखपट्टीवर तारीखपट्टी चिकटवून जाड थर झाला आहे. पुस्तकात लिहू नये, असा आमचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन वेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेलं आहे. पहिलं अक्षर बारीक, तिरपं: “घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?” त्याखाली ठसठशीत अक्षर: “घर तिचंही होतं.” आणि तळाशी, शिसं संपत आल्यासारखं पुसट: “आईला वाचायला दिलं. दोन दिवस गप्प होती. मग स्वतःचं सांगायला लागली.”

बांधणीच्या वेळी ते पान फाटलं होतं, म्हणून बांधणीवाल्याने नवं पान घालू का विचारलं होतं. आमच्या ग्रंथपाल बाईंनी ते जुनंच पान चिकटवून घेतलं. नियम मोडून घेतलेला तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. त्या तीन माणसांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसेल. पण एकाने हरकत घेतली, दुसऱ्याने ती खोडली आणि तिसऱ्या व्यक्तीने वाद बाजूला ठेवून पुस्तकाने घरात काय केलं ते सांगितलं. पुस्तकाबद्दलचं मत याहून वेगळं काय असतं? त्याला समीक्षेची परिभाषा लागत नाही. कुठे अडलो, कुणाची आठवण आली, कुठल्या पानावर विश्वास बसेनासा झाला, एवढं सांगता आलं की पुरे.

आता मात्र सगळीकडे ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचावं असं’ आणि मुखपृष्ठाचा फोटो. मत विचारलं की कौतुक हाती येतं. मला एखाद्या पुस्तकाबद्दल दहा माणसांनी ‘अप्रतिम’ म्हटलं तरी ते घ्यावं की नाही हे ठरवता येत नाही. ‘पहिली साठ पानं रेंगाळतात, पण गाव सोडण्याचा प्रसंग आला आणि मला झोप लागली नाही’ असं एकाने म्हटलं की मी ते मागवतो.

‘मागवतो’ म्हणालो ते शब्दशः खरं आहे. 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. यांतल्या बहुतेकांकडे पुस्तकखरेदीला मोजके पैसे असतात. आम्ही समितीवाले खरेदीला बसतो तेव्हा समोर प्रकाशकांच्या याद्या असतात, सवलतीचे आकडे असतात आणि एक मागणीची वही असते. ती वही बहुतेक कोरी! कुणीच काही मागत नाही, म्हणून सवलत जास्त ते पुस्तक येतं. आणि जे पुस्तक वर्षानुवर्षं कुणी नेत नाही, त्याच्यावर जीर्ण पुस्तकं बाद करायची वेळ आली की पहिला हात पडतो. वर्षापूर्वी उद्धव शेळक्यांची ‘धग’ त्या ढिगात गेलेली मी पाहिली. 1960 सालची, वऱ्हाडी बोलीतली, कौतिक नावाच्या बाईची कादंबरी. मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत तिला मान आहे, आणि आमच्या गावात तिच्याबद्दल बोललेला माणूस नव्हता. मी ती ढिगातून काढली आणि चार जणांना स्वतः नेऊन दिली. त्यांतल्या एका बाईंनी ती आपल्या भिशीत वाचून दाखवायला घेतली. आता ती बाहेरच असते.

नाशिकला विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, तेव्हा पुस्तकांची पेटीच माणसांच्या घरी, कारखान्यात, परदेशातल्या मराठी मंडळांत नेली. महाबळेश्वराजवळच्या भिलारला 2017पासून घरांच्या ओसऱ्यांवर पुस्तकं ठेवलेली आहेत. पुस्तक माणसापर्यंत नेण्याची कामं आपल्याकडे चांगली झाली. माणसाचं मत पुस्तकापर्यंत परत आणण्याची सोय कुणी केलेली नाही. आमच्या वाचनालयात आम्ही या उन्हाळ्यापासून दोन गोष्टी करणार आहोत. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या पाठीमागे एक कोरं कार्ड असेल. नाव लिहायचं नाही, फक्त मत लिहायचं. आणि महिन्यातून एक संध्याकाळ न आवडलेल्या पुस्तकांसाठी असेल. कुठलंही पुस्तक चालेल, मग ते ज्ञानपीठवालं असो की भयकथा. अट एकच: का नाही आवडलं, ते प्रसंगासकट सांगायचं. ज्याला तेच पुस्तक प्रिय आहे त्याने तिथेच उत्तर द्यायचं.

कुणी म्हणेल, यातून वाद होतील. व्हावेत. ‘कोसला’ला साठ वर्षं होऊन गेली, तरी तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं नाव काढलं की दोन मित्रांत आजही जुंपते. म्हणून तर ते पुस्तक आजचं वाटतं.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे, असं संयोजक सांगताहेत. माझ्या बोलण्यावरचे प्रश्न थोडे मागे ठेवू. आधी ध्वनिक्षेपक खाली श्रोत्यांत फिरू द्या, आणि कोणीतरी उठून सांगा, या वर्षात कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि कुठल्या प्रसंगाशी सोडलंत. तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी हात वर केला आहे. त्यांच्यापासून सुरुवात करू.