तलावपाळीची सुट्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मी सुट्टी कशी घालवली’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत याच विषयावर निबंध लिहिला होता, त्याखाली बाईंनी लाल शाईने ‘बरा’ असा शेरा दिला होता. पण यंदाच्या मे महिन्यात आमच्याकडे जे घडले ते रांगत्या-पळत्या मुलांच्या घरी सांगण्याजोगे आहे, म्हणून धीर करून उभी राहिले.

माझे सासर डोंबिवलीचे व माहेर ठाण्याचे. माहेरचे घर तलावपाळीपासून पाच मिनिटांवर, जुन्या चाळीत. दोन खोल्या, पुढे गॅलरी, आत मोरी. आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून सगळ्यांनी आठ दिवस तिच्याकडेच राहायचे असे ठरले. थोरले दादा-वहिनी व त्यांची दोन मुले तिथलीच. कल्याणहून ताई, तिचे यजमान, त्यांची मुलगी व तिचे बाळ आले. पुण्याहून धाकटा भाऊ बायकोमुलांसह, नाशिकहून आत्या, आणि मी माझी दोन मुले घेऊन. मोजली तेव्हा माणसे सतरा भरली! रात्री अंथरुणे पडली की पाणी प्यायला उठणाऱ्याला पाय कुठे टाकावा ते कळत नसे. सकाळी चहाचे पातेले तीनदा चढे. पन्ह्याचा तांब्या भरून ठेवावा तर वळून बघेपर्यंत रिकामा.

ताईचा नातू दीड वर्षाचा. त्याला चालणे ठाऊकच नाही, एकदम पळणे.

मसुंदा तलावाला आम्ही ठाणेकर तलावपाळी म्हणतो. काठी कोपीनेश्वराचे देऊळ आहे. आजचे देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधले. गडकरी रंगायतन १९७८ सालचे, ते उभे राहताना आईने लग्न होऊन आल्यावर स्वतः पाहिलेले. आमच्या दादाला असल्या सनावळ्यांचा भारी नाद. गॅलरीत गाडीचा आवाज आला की मुलांना धरून सांगणार, की पहिली आगगाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ ला, आणि कल्याणपर्यंत रूळ चालू झाले १ मे १८५४ ला. मग कल्याणची ताई म्हणणार, “म्हणजे आम्ही एकच वर्षाने मागे!” हा संवाद आठ दिवसांत निदान पाच वेळा झाला.

संध्याकाळी सगळे लटांबर तलावावर. मोठ्या मुलांना होडीत बसायचे असे, बायकांना वाऱ्याला. काठाला कठडा आहे, पण होडीत चढण्या-उतरण्याच्या जागी तो कसा असणार? त्यामुळे बाळाला पाण्यापाशी नेले की एकाने उजवा हात धरावा, दुसऱ्याने डावा, तिसऱ्याने सदरा, आणि आत्यांनी मागून ओरडावे, “अरे सांभाळा, पाणी आहे!” भाची शेवटी म्हणाली, “अगं आत्याआजी, त्याला श्वास तरी घेऊ द्या.” तलावाची इतकी धास्ती आम्ही घेतली होती.

आणि झाले काय, तर तिसऱ्या दिवशी सकाळी, घरात.

चाळीत पाणी सकाळचे दोनच तास. तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या सगळे भरून ठेवायचे ही आमची लहानपणापासूनची रीत. त्या दिवशी कुरडया घालायच्या होत्या. वहिनी व मी गच्चीवर चादरी अंथरत होतो. आई चुलीपाशी चीक हलवत होती. पुरुषमंडळी गॅलरीत वर्तमानपत्र वाटून घेऊन बसलेली, पोरांचा अंथरुणाच्या घड्यांवर दंगा. मी सोऱ्या न्यायला खाली आले, हात धुवावे म्हणून मोरीकडे वळले, तो मला बादलीच्या काठावर दोन इवलीशी पावले दिसली. तळवे वर.

बादली अर्धीच भरलेली होती. आत तांब्या पडलेला. तो काढायला बाळ वाकले असावे. पाण्याचा आवाज नाही, रडणे नाही, काही नाही. मी कमरेला धरून वर ओढले. एक क्षण ते तसेच राहिले, मग खोकले, आणि मग जे रडायला लागले! त्या रडण्याइतके गोड मी आजवर काही ऐकलेले नाही.

घरात एकच कल्लोळ. कोणी म्हणाले, पाय धरून उलटे करा, पाणी निघेल. धाकटी भावजय पुण्याला इस्पितळात परिचारिका आहे. ती म्हणाली, उलटे मुळीच करायचे नाही. त्याने पोटातले वर येऊन श्वासनळीत जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो. मूल श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास द्यायला लागायचे व दुसऱ्याने मदतीला धावायचे. रडते आहे तर रडू द्या. तिने ओले कपडे काढून त्याला पंचात गुंडाळले आणि आम्ही तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून, खोकला वाढतो का, धाप लागते का, मूल सुस्त पडते का, यावर दिवसभर नजर ठेवायला सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली. या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते व हातात वर उठण्याचा जोर नसतो. तोल गेला की मूल आत जाते ते आपले आपण बाहेर येत नाही. तोंड पाण्यात, तर हाक मारणार कशी? चार बोटे पाणीही पुरते.

घरी आलो तर आत्यांनी भाचीला धारेवर धरले होते. “आईचेच लक्ष नाही तर दुसऱ्याने काय करावे?” भगिनींनो, ते ऐकून माझे डोके फिरले. बाळाला दाढा येत होत्या, ती पोर रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरत होती. पहाटे डोळा लागण्याआधी “जरा बघा हं याच्याकडे” म्हणून सांगून निजली होती. कोणाला सांगितले? घराला! भरल्या घरात प्रत्येकाला वाटले, दुसरे कोणी बघते आहे. गॅलरीत बाळाचे आजोबा होते, दोघे मामेआजोबा होते. त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. मी आत्यांना म्हटले, “तुम्ही वडील आहात, पण हे मी ऐकून घेणार नाही.” त्या दोन तास माझ्याशी बोलल्या नाहीत. भाची भिंतीकडे तोंड करून बसलेली, दुपारी जेवलीही नाही.

वाट काढली ती माझ्या आईने. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, आम्ही जन्मल्यापासून. तो तिने काढला आणि म्हणाली, “हा ज्याच्या कमरेला, बाळ त्याचे. देताना नाव घेऊन द्यायचे, घेणाऱ्याने ‘घेतले’ म्हणायचे. आणि हे पुरुषांनाही आहे.” त्याच दुपारी दादाने मोरीच्या दाराला उंचावर कडी बसवली. वहिनी दहा वर्षे मागत होती ती कडी. पिंपावर झाकण आले, रिकाम्या बादल्या पालथ्या पडू लागल्या.

पाचव्या दिवशी आम्ही सगळे ताईकडे कल्याणला गेलो व संध्याकाळी काळ्या तलावावर. दादा पट्ट्याला जुडगा अडकवून बाळामागे फिरत होता, नंदीबैलासारखा खुळखुळत. लोक वळून बघत होते. पण भाची त्या दिवशी बाकावर बसून दोन्ही हातांनी भेळ खात होती, सावकाश. आत्यांनी तिला आपल्यातली कैरीची फोड काढून दिली. बोलल्या काही नाहीत.

शेवटच्या दिवशी मात्र गंमत झाली. धाकटा भाऊ बाळाला खेळवता खेळवता स्टेशनला निघाला. बाळ दिले, जुडगा राहिला. आईने लोणच्याचे कपाट उघडायला कमरेला हात लावला तेव्हा त्याची गाडी कर्जतच्या पुढे गेली होती. आम्ही उरलेल्यांनी मग दोन दिवस वरणभात नुसताच जेवला.