पिशवी गेली, दुखणं राहिलं

मागच्या रांगेतल्या आयाबहिणींनी जरा पुढं यावं. वसंत व्याख्यानमालेत असला विषय कशाला, अशी कुजबुज माझ्या कानावर आलीय. पण 'पिशवी काढली, तरी ओटीपोट दुखतंच की हो डॉक्टर,' हे वाक्य सेनगावपासून वसमतपर्यंतच्या बाया दवाखान्यात दबक्या आवाजात बोलतात. आज ते माईकवरून बोलू.

बीडचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या, म्हणजे कोयते, आपल्याही जिल्ह्यातून जातात. चर्चा झाली ती किती पिशव्या काढल्या याची. काढूनही ज्यांचं दुखणं गेलं नाही, त्यांच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही.

दुखणं का जात नाही? पुष्कळदा ते पिशवीचं नसतंच, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. जिथं तपासणीच होत नाही, तिथं ऑपरेशनआधी कारण सापडणार कसं?

बरं, ऑपरेशन होऊन गेलं. सहा महिने उलटले, दुखतंच आहे. मी पहिल्यांदा विचारते: हे जुनंच दुखणं, की ऑपरेशननंतर सुरू झालेलं नवं? जुनं असेल तर मूत्राशय, आतडी, स्नायू यांच्याकडं बघावं लागतं. लघवी तुंबली की कळ वाढते आणि करून आल्यावर उतरते, असं बाई म्हणाली की मी मूत्राशयाकडं वळते. पिशवी नाही, पाळी नाही, तरी महिन्याच्या महिन्याला दुखतं? मग मागं ठेवलेलं बीजांड किंवा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं, शोधायचं. सिझेरियनच्या व्रणात दर महिन्याला फुगणारी गाठ असेल, तर तीही त्याच जातीची असू शकते.

आणि नवं असेल तर? बाईला उताणं झोपवायचं. 'नेमकं कुठं दुखतं, एका बोटानं दाखवा.' टाक्याच्या कडेला तिनं दाखवलेल्या जागी माझं बोट दाबून धरायचं आणि तिला हात न टेकता मान-खांदे उचलायला लावायचे. पोट ताठ होतं, आतले अवयव स्नायूंच्या आड जातात. तरी कळ तेवढीच राहिली किंवा वाढली, तर दुखणं बहुधा पोटाच्या भिंतीतलं: टाक्यात अडकलेली नस, व्रण, क्वचित हर्निया. अमेरिकी शल्यवैद्य कार्नेट यांनी १९२६ साली सांगितलेली ही परीक्षा. खर्च शून्य. मग त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन द्यायचं. थोड्या वेळात कळ थांबली, तर चोर बऱ्यापैकी सापडला. सोनोग्राफीत अशी नस बहुधा दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली की 'मनाचं आहे' म्हणून बाईला घरी धाडणं मला पटत नाही.

'आतडी चिकटलीत, दुर्बिणीनं सोडवू,' असंही सांगतात. आतडीला अडथळा झाला असेल तर गोष्ट वेगळी. पण नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ साली आला. निम्म्यांची चिकटणं सोडवली, निम्म्यांत दुर्बिणीनं नुसतं पाहिलं. वर्षभरानं दोन्हीकडं दुखणं सारखंच कमी झालेलं!

ताप, उलट्या, घाण वासाचा स्राव किंवा नकळत लघवी गळणं असेल, तर मात्र हळद शिजवून होईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी निघा.

आणि कागद. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, हे विचारा आणि तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या. त्यात क्षयरोग किंवा एंडोमेट्रिओसिस लिहिलेलं असेल, तर पुढचा सगळा तपास बदलतो. बीजांडं ठेवली की काढली, हे डिस्चार्ज कार्डावर असायला हवं. ही कागदं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, नांदेडला दाखवायला जाताना सोबत न्या आणि डॉक्टरांनी मागितली नाहीत तरी टेबलावर ठेवा.