नेचा घरी रुजवा, घाटातून उपटू नका

गुलाबाचे, जास्वंदीचे, शेवंतीचे वेड असणारी माणसे जागोजागी भेटतात. आज मी बोलणार आहे ते ज्याला फूल नाही, फळ नाही आणि बीही नाही अशा वनस्पतीबद्दल. इंग्रजीत तिला फर्न म्हणतात, आपण नेचा म्हणतो. ३५ कोटी वर्षांहून अधिक काळ नेचे पृथ्वीवर आहेत. फुलझाडे त्यांच्यानंतर फार उशिरा आली. रोपवाटिकेत ‘ॲस्परॅगस फर्न’ म्हणून मिळते ते झाड मात्र नेचा नव्हे. ते शतावरीचे भावंड आहे आणि त्याला फुलेही येतात.

नेच्याला काय हवे, हे तो जंगलात कुठे राहतो यावरून कळते. काळ्याभोर, चकचकीत देठांचा हंसराज विहिरीच्या कडेला किंवा ओल्या खडकावर वाढतो. बाशिंग नावाचा नेचा झाडाच्या खोडावर बसतो. त्याची तपकिरी, कडक पाने पालापाचोळा अडवून धरतात आणि तेच त्याचे खत होते. म्हणजे सावली हवी पण अंधार नको, ओल हवी पण चिखल नको, आणि माती भुसभुशीत हवी.

मी कुंडीसाठी कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा समप्रमाणात घेतो. त्यात थोडी जाड वाळू, मूठभर गांडूळखत आणि लाकडी कोळशाचे तुकडे घालतो. पूर्वेची गॅलरी उत्तम. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नाही. माती वरून सुकू लागली की पाणी द्यावे, पण कुंडी पाण्यात उभी ठेवू नये. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानांची टोके करपतात. अशा वेळी पसरट ताटात खडे आणि पाणी घालून कुंडी त्या खड्यांवर ठेवावी, म्हणजे तळ पाण्यात बुडत नाही. चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर त्या एकमेकींना ओलावा देतात. पंख्याचा आणि एसीचा झोत मात्र टाळावा.

पानांच्या मागे ओळीने तपकिरी ठिपके दिसले की पुष्कळजण कीड समजून औषध फवारतात. कृपा करून फवारू नका. त्या बीजाणूंच्या पुड्या आहेत. नेच्याचा वंश त्यांतूनच वाढतो.

आता जरा काळजीची गोष्ट. पावसाळी सहलीहून परतताना घाटातला एखादा नेचा उपटून गाडीच्या डिकीत टाकायचा मोह अनेकांना होतो. खडकाच्या फटीत घट्ट रुजलेल्या त्या रोपाची मुळे उपटतानाच तुटतात आणि शहरातल्या कोरड्या हवेत ते सहसा जगत नाही. इंग्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरांना १८२९च्या सुमारास दिसले की बंद बाटलीत आपोआप उगवलेला नेचा छान वाढतो. त्यातून काचेच्या पेट्या आल्या आणि घरोघर नेचे ठेवायची लाटच आली. चार्ल्स किंग्सली यांनी १८५५मध्ये या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. हौशी लोकांनी रानातून इतके नेचे उपटले की किलार्नी फर्नसारखी जात कित्येक ठिकाणांहून नाहीशी झाली. सह्याद्रीत तसे होऊ नये.

उपाय आपल्या हातात आहे. हंसराजाचे ठिपके पिकलेले एक पान कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवा. तळाशी बारीक भुकटी जमेल. कोकोपीटवर उकळते पाणी ओता, ते निथळून गार होऊ द्या आणि पारदर्शक झाकणाच्या डब्यात भरा. त्यावर भुकटी भुरभुरा, झाकण लावा आणि डबा उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा. काही आठवड्यांत हिरवा थर येईल, मग नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराच्या पापुद्र्या दिसतील. त्यांवर उकळून गार केलेले पाणी हलकेच फवारा. नेच्याचे पुंबीज पाण्यातून पोहत जाते, त्याशिवाय फलन होत नाही. पुढे त्यातूनच इवली पाने उलगडतात. कुंडीजोगे रोप व्हायला वर्ष लागू शकते.

इतका धीर नसेल तर बोस्टन फर्न घ्या. त्याचे बीजाणू सहसा रुजत नाहीत, पण दोरीसारखे धुमारे सुटून त्यांवर नवी रोपे येतात. पावसाच्या सुरुवातीला गड्डा विभागून ती शेजाऱ्यांना, मित्रांना वाटता येतात. विकत घेताना मात्र रोप रोपवाटिकेत वाढवलेले आहे की रानातून आणलेले, एवढे जरूर विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले की विकणाराही विचार करतो.